एकात एक बसवलेल्या अंगठ्या

हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. मीसुद्धा हसलेच असते. माझ्या माहेरी, अलिबागला, उन्हाळ्यात कुणी भुताची गोष्ट काढली की मी मधेच उठून कैऱ्या कापायला जायचे. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता.

पण हे माझ्या घरात घडलंय. दुबईत, अल बर्शामध्ये, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. खाली सुपरमार्केट, समोर मॉलचं पार्किंग. दिव्यांमुळे इथे रात्रीसुद्धा धड अंधार होत नाही.

आणि रात्रीचं काही नाहीच यात. जे झालं ते भर दुपारी झालं.

सुरुवात झाली अक्षय तृतीयेला.

आमचे हे, म्हणजे राजन, जबल अलीला एका लॉजिस्टिक्स कंपनीत आहेत. मागच्या वर्षी ह्यांना मेटल डिटेक्टरचं खूळ लागलं. लांब दांडी, टोकाला ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. वाळूवरून ते फिरवत चालायचं, खाली धातू असला की मशीन केकाटतं. मशीनची किंमत ह्यांनी दिरहममध्ये सांगितली तेव्हा ठीक वाटली. मग मी मोठ्याने रुपयांत केली आणि खुर्चीत बसले.

सोबतीला खैरुद्दीनभाई. ह्यांच्या ऑफिसातले मित्र, मूळचे रत्नागिरीकडचे, राहायला अल कुसैसला. दोघं सुट्टीच्या दिवशी पहाटे निघायचे आणि जबल अलीच्या पलीकडे कुठल्याशा उघड्या किनाऱ्यावर वाळू उकरत बसायचे. मिळायचं काय? बाटल्यांची झाकणं, गंजलेले खिळे, एकदा कुणाच्या तरी गाडीची किल्ली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं मी तोंडावर म्हणायचे. हे हसायचे. माझ्या बोलण्याचा ह्यांना कधी राग येत नाही, हा ह्यांचा मोठाच गुण.

त्या दिवशी रविवार होता. मी पुरण शिजत घातलं होतं. हे घरी आले, बूटसुद्धा न काढता थेट स्वयंपाकघरात.

"पमू, हात पुढे कर."

हातावर काहीतरी ओलं, जड ठेवलं. काळपट गोळा. वाळू, शिंपल्यांचा चुरा, वर चुन्यासारखा थर. मी टाकूनच देणार होते, तेवढ्यात एका कडेला पिवळं चमकलं.

अंगठ्या होत्या. दोन. मोठी पुरुषाची, आणि तिच्या पोटात छोटी, बाईची. नीट एकात एक बसवलेल्या.

खैरुद्दीनभाईंनी गाडीत ह्यांना सांगितलं होतं म्हणे, की परत पुरून टाक. त्यांचं म्हणणं, हरवलेल्या वस्तूचा मालक शोधायचा असतो, पण ही हरवलेली दिसत नाही. समुद्र काही अंगठ्या एकात एक बसवत नाही. कुणीतरी हाताने बसवून ठेवल्यात. हे सगळं ह्यांनी मला हसत हसत सांगितलं.

मला खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. सोनं हरवू नये आणि सोनं सापडूही नये, हे माझी आई जन्मभर सांगत आली. पण दिवस कुठला? अक्षय तृतीयेचा. या दिवशी लोक मीना बाजारला रांगा लावून एखादा ग्रॅम तरी घेतात, कारण आज घरात आलेलं कधी सरत नाही, कधी जात नाही. आणि इथे तर सोनं स्वतःच्या पायांनी चालत आलं होतं. म्हटलं, लक्ष्मी दारात आली आणि आपण तिला वाळूत पुरा म्हणायचं का?

रिठे माझ्याकडे असतातच, दर वेळी अलिबागहून आणते. गरम पाण्यात भिजवले, फेस काढला, जुना टूथब्रश घेतला आणि घासायला बसले. पाणी काळं झालं. ओतलं, दुसरं घेतलं. तेही काळं. किती पाणी बदललं ते आठवत नाही, पण हळूहळू सोनं वर यायला लागलं. जुनं, दाट पिवळं सोनं. नक्षी नाही, खडा नाही.

अंगठ्या मात्र एकमेकींना सोडेनात.

मी हट्टी बाई. मी फटीत सुई घातली आणि जोर लावला.

टक...

सुटल्या.

आणि त्याच क्षणी वाडग्यातला फेस बसला. रिठ्याचा फेस किती चिवट असतो ते वापरणाऱ्यांना ठाऊक आहे. तो सगळा एकदम बसला. खाली नुसतं पाणी. आणि एक वास आला... खोबरेल तेलाचा. बाटलीतल्या नव्हे, कुणाच्या तरी डोक्याला लावलेल्या तेलाचा. कुणी अगदी खांद्यापाशी वाकून बघितलं की येतो तसा.

मी मान वळवली. मागे फ्रिज होता.

असेल काहीतरी, म्हणून मी कामाला लागले. दोन्ही अंगठ्यांना हळद-कुंकू वाहिलं, देवापुढे ठेवल्या, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मग मोठी अंगठी मी माझ्या हाताने ह्यांच्या बोटात घातली. माप देऊन केल्यासारखी बसली.

छोटी माझ्या करंगळीतसुद्धा जाईना. शुभ्राला, म्हणजे आमच्या मुलीला, हाक मारली. ती युनिव्हर्सिटीत आहे, बोटं बांबूच्या काड्यांसारखी. तिने अंगठी बोटाला नुसती लावली आणि हात मागे घेतला.

"आई, इट्स वॉर्म. आय डोंट वॉन्ट इट."

मी म्हटलं, नखरे. छोटी अंगठी चांदीच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये मेथी निवडत होते. हे घरून काम करत होते, आतल्या खोलीत. शुभ्रा कॉलेजला.

स्वयंपाकघरातून आवाज आला...

टिंग.

स्टीलच्या भांड्याला अंगठी लागते ना, तसा. बायकांना हा आवाज लगेच कळतो. पातेलं उचलताना, पेला धरताना होतो. मी स्वतः अंगठी घालत नाही, कणीक अडकते म्हणून. लग्नातलीसुद्धा कपाटात आहे.

टिंग... टिंग.

मी उठून गेले. कुणी नाही. ओट्यावर सगळं जागच्या जागी. फक्त सिंकजवळ दोन कप उपडे घातलेले. धुतलेले, ओले.

मी चहा केलाच नव्हता.

हे उठले असतील, म्हणून आत जाऊन विचारलं, चहा टाकू का. ह्यांनी स्क्रीनवरून नजरही न काढता सांगितलं, "आत्ताच तर दिलास."

संध्याकाळी दिवा लावताना सहज डबी उघडली.

डबीत कुंकू होतं. अंगठी नव्हती.

घर पालथं घातलं. शुभ्राला विचारलं, ह्यांना विचारलं, व्हॅक्युमची पिशवी फाडून बघितली. छोटी अंगठी कुठेच नाही. आणि रोज दुपारी, मी हॉलमध्ये असले की स्वयंपाकघरात, मी स्वयंपाकघरात असले की हॉलमध्ये...

टिंग.

आवाजाची एक वेळ सवय होईल. मला ज्याने घाबरवलं ते वेगळंच.

ह्यांनी मला हाका मारणं बंद केलं.

बाहेरच्याला यात काही वाटणार नाही. पण लग्न झाल्यापासून हा माणूस दिवसभर मला हाका मारत आलाय. पमू, चष्मा कुठाय. पमू, टॉवेल. पमू, जरा इकडे ये, हे बघ. मी कावायचे, म्हणायचे, माझं नाव झिजेल एक दिवस. आणि आता घरात हाकच नाही. चष्मा ह्यांच्या हाताशी असायचा. टॉवेल दारावर असायचा. पाण्याचा पेला टेबलावर असायचा, भरलेला. मी ठेवलेला नसायचा.

ह्यांना माझी गरजच उरली नव्हती. हे छान होते, तब्येतीने, हसतमुख. जेवताना बोलायचे, पण माझ्या शेजारच्या खुर्चीकडे बघून. एकदा मी ताट वाढलं तर म्हणाले, "तू बस ना, तीही बसेल." मी विचारलं, ती कोण? ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पाहुणीकडे बघावं तसं. आणि मग विसरूनच गेले काय म्हणाले ते.

त्या रात्री मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. सवत नावाचा शब्द मी गोष्टीतच ऐकला होता. माझं घर, माझी भांडी, माझा नवरा, आणि मीच परकी. राग आला, खूप राग आला. भीती त्याच्या मागून आली.

मी अंगठी काढायला सांगितली. हे लगेच तयार झाले. अंगठी बोटात सैल होती, गरगर फिरायची, पण पेराच्या पुढे येईना. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळून बघितला. बोट सुजलेलं नाही, काही नाही. फिरायची फक्त, गरगर... गरगर. आणि मी ओढत असताना शेजारी तो खोबरेल तेलाचा वास.

डॉक्टर झाले. मेंदूचा स्कॅन झाला. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस असेल, सुट्टी घ्या.

शेवटी मी मरियमबीला फोन केला. मरियमबी म्हणजे खैरुद्दीनभाईंची बायको, माझ्याहून थोडी मोठी. तिच्याशी मी सगळं बोलते. तिने पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, जिथून उचललंय तिथे नेऊन द्या, आणि उशीर करू नका.

त्या शनिवारी सकाळी आम्ही गेलो. खैरुद्दीनभाई गाडी चालवत होते, हे पुढे, मी मागे. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. लांबवर बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. खैरुद्दीनभाईंनी जागा दाखवली, पाण्याच्या अगदी कडेला. भरती होती, खड्डा पाण्याखाली गेला होता.

हे चपला काढून पाण्यात शिरले. मी हात धरला होता. गुडघाभर पाण्यात ह्यांनी हात बुडवला...

आणि अंगठी निघाली. कुणी ओढली नाही. मी बघत होते. बोटावरून आपली आपण घसरली आणि गेली.

ह्यांनी मोठा श्वास सोडला. माझ्याकडे बघितलं. खरंच माझ्याकडे, किती दिवसांनी. "पमू, आपण इथे काय करतोय?" असं म्हणाले, आणि मला एकदम रडू फुटलं. पाण्यातच मी ह्यांच्या दंडाला धरून रडले.

परत येताना मी गाडीत बडबडत होते. आनंदात मी फार बोलते. अल बर्शाचा एक्झिट आला तेव्हा खैरुद्दीनभाईंनी आरशातून बघत विचारलं, "वहिनी, दुसरी पण टाकलीत ना?"

मी सांगितलं, दुसरी कधीचीच हरवली. घरातच कुठेतरी पडली असेल.

त्यांनी गाडी आमच्या बिल्डिंगखाली उभी केली. इंजिन चालूच ठेवलं.

"मग आपण नुसतं त्याला पोचवून आलो. आणि ती राहिली की हो तुमच्या घरात. एकटी."

मी त्यांना चहाला वर या म्हटलं. ते आले नाहीत. त्यानंतर आमच्या घरी ते कधीच आलेले नाहीत. भेटतात, चौकशी करतात, पण खालीच.

पुढचे थोडे दिवस फार चांगले गेले. आवाज नाही, वास नाही. मशीन ह्यांनी कुणाला तरी देऊन टाकलं. मला वाटलं, खलास, संपलं एकदाचं.

मग एका दुपारी मी हॉलमध्ये पडले होते. एसीचा आवाज, बाहेर रणरणतं ऊन. हे आत काम करत होते. आणि आतून हाक आली.

हाक! मला इतकं बरं वाटलं की मी निम्मी उठलेसुद्धा. मग डोक्यात शिरलं, काय हाक मारली ते.

"मालन..."

मालन नावाचं आमच्यात कुणी नाही. ना सासरी, ना माहेरी. ह्यांच्या आत्यालासुद्धा मी नंतर विचारलं, त्यांना नात्यातलं प्रत्येक नाव पाठ असतं. नाही म्हणाल्या. ऑफिसात नाही, शेजारी नाही.

माझं टाळकं सरकलं. म्हटलं, मी काय मालन आहे? मारू देत हाका. बसून राहिले तशीच, हाताची घडी घालून.

"मालन, पाणी देतेस जरा?"

मी हलले नाही.

आणि स्वयंपाकघरातून, अगदी हळू, माझ्याच घरातली बाई बोलावी इतक्या सहज...

"ओ."

मग टिंग. पेल्याला अंगठी लागल्याचा. मग पाणी ओतल्याचा आवाज. मग काही नाही... काही म्हणजे काहीच नाही, पावलंसुद्धा नाहीत. मला उठता येईना. आतून ह्यांचा पाणी पिण्याचा आवाज आला आणि समाधानाचा एक हुंकार.

बऱ्याच वेळाने मी आत गेले. पेला टेबलावर रिकामा होता. मी विचारलं, आत्ता कुणाला हाक मारलीत? हे म्हणाले, तुलाच की, आणखी कोण आहे घरात?

ह्यांना खरंच वाटतं की ते पमूच म्हणतात. मी फोनवर रेकॉर्ड करून ऐकवलं. रेकॉर्डिंगमध्ये हाकच नव्हती. एसीची घरघर होती नुसती.

लहानपणी आम्हाला शिकवलं होतं, नुसती हाक ऐकू आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. माझं उलटं झालंय. मला पहिल्याच हाकेला ओ द्यावी लागते. मी नाही दिली, तर ती देते. आणि तिने ओ दिली की त्या दिवशी हे माझे राहत नाहीत. शेजारच्या खुर्चीशी बोलतात. मला विचारतात, तुम्ही कधी आलात?

तुम्ही म्हणतात मला.

म्हणून मी ओ देते. मालन म्हटलं की धावत जाते. भाजी गॅसवर जळली तरी जाते. आंघोळीला मी हे ऑफिसला गेल्यावर जाते. यंदा सुट्टीत अलिबागला गेले नाही, आईला कारण सांगितलं तिकिटं महाग आहेत. शुभ्राला एकदा सांगायचा प्रयत्न केला. तिने घाबरून कानात ते इअरबड्स घातले आणि म्हणाली, "आई, प्लीज, डोंट." आता पुढच्या शिक्षणासाठी बाहेर जायचं म्हणतेय. मी नको म्हणत नाही. तिने जावंच.

फ्लॅट सोडूया असंही ह्यांना म्हणून बघितलं. पण सामानातल्या कुठल्या डब्यात ती छोटी अंगठी आहे हे जोवर मला माहीत नाही, तोवर घर बदलून काय होणार? मरियमबी म्हणते, शोध, इन्शाल्ला मिळेल. मी शोधते. पण खरं सांगू, डब्यात-बिब्यात मिळेल असं मला वाटत नाही. अंगठी जिथे असायची तिथेच आहे. बोटात.

कधी कधी तिची दयासुद्धा येते. दोघांना कुणीतरी एकत्र ठेवलं होतं, जपून. वेगळं केलं मी. पण दया आली म्हणून नवरा देता येतो का? मी नाही देणार. मी त्या नावानेही जगेन, पण देणार नाही.

आज शनिवार, हे घरीच आहेत, आत झोपलेत. हे सगळं मी डायनिंग टेबलवर बसून फोनवर लिहिलं. कुणाला तरी सांगायचं होतं. शिवाय कुणाच्या घरी अशी सापडलेली अंगठी असेल, रिठ्यात टाकायच्या आधी त्याने एकदा विचार करावा.

मगाशी ह्यांनी हाक मारली. एवढं एक वाक्य पुरं करते आणि उठते, असं म्हटलं मी.

पण ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारलीच नाही.